शनिवारचं लोखंड

माझ्या पोटात दुखत होतं, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की शैलजानं सगळं आपल्या सोयीनं सांगितलं. लोक जळतात ते कुणावर? कुणाच्या मोठ्या घरावर, कुणाच्या हुशार पोरांवर, कुणाच्या बारीक कमरेवर. मी जळले ती हैतीमधल्या एका लोहारावर, ज्याचं राहतं घर गुंडांनी पेटवून दिलं होतं. आता बोला.

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत दारातलं पहिलं टेबल बावीस वर्षं माझं होतं. शाळेच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं, कोट काढला, की समोर माझे आकाशकंदील. खणाचे, जुन्या रेशमी साड्यांचे, खाली जरीच्या काठाच्या झिरमिळ्या. जुलैपासून बेसमेंटमध्ये बसून मी ते करायची. संजय, म्हणजे माझा नवरा, तारेचे सांगाडे वाकवून द्यायचा. बाकी कापणं, शिवणं, चिकटवणं सगळं माझं. एखाद्या वर्षी नाटक पडलं, एखाद्या वर्षी पुऱ्या कमी पडल्या, पण शैलजाकाकूंचे कंदील दारात नाहीत असं कधी झालं नाही.

गेल्या सप्टेंबरमध्ये पद्मजाचा फोन आला. पद्मजा मंडळाची नवी अध्यक्ष, पुण्याची, वय अडतीस, इथल्या एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट. बोलायला इतकी गोड की आपण नाही म्हणालो तर आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं.

"काकू, या वर्षी दारातलं टेबल दुसऱ्या कुणाला दिलं तर चालेल का? तुम्ही समजून घ्याल."

तुम्ही समजून घ्याल! म्हणजे नाही घेतलं तर आपण हलके.

मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या हॉस्पिटलमध्ये मिरलांद नावाची हैतीची नर्स आहे. तिचा भाऊ विल्नेर तेलाच्या रिकाम्या पिंपांचा पत्रा कापून भिंतीवर लावायच्या वस्तू करतो. झाडं, पक्षी, सूर्य, जलपऱ्या. राजधानीजवळ त्यांची लोहारांची अख्खी गल्ली होती, बाप-आजापासून तेच काम. टोळीवाले आले, गल्ली रिकामी केली, घरंदुकानं जाळली. विल्नेर आणि त्याचे पाच जोडीदार हातोडे आणि छिन्न्या पोत्यात भरून उत्तरेकडच्या एका गावी पळाले. तिथे पत्र्याची एक शेड मिळालीय. मालक म्हणतो, नियमित ऑर्डर येणार असतील तर राहा, नाहीतर वर्षाअखेर खाली करा.

"आपल्या दिवाळीत माल गेला तर शिकागो आणि कोलंबसची मंडळं पण घ्यायला तयार आहेत, काकू. ते आपल्याकडे बघून ठरवणार आहेत. म्हणजे शेड राहील. नाहीतर सहा जण सहा दिशांना जातील हो. काम बंदच पडेल." तिचा आवाज ओला झाला होता.

"अगं घे की," मी म्हटलं. "त्यात विचारायचं काय एवढं?"

फोन ठेवला आणि स्वच्छ असलेली शेगडी दोनदा घासली.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण ऑक्टोबरमध्ये खोकी आली, आणि पद्मजानं संजयला स्टँड बनवायला बोलावलं. संजय अठ्ठावीस वर्षं इथल्या गाड्यांच्या कंपन्यांसाठी पत्रा दाबायचे डाय, म्हणजे साचे, डिझाइन करत होता. रिटायर झाल्यापासून सोफा आणि तो. अर्ध्या तासात येतो म्हणून गेला आणि साडेचार तासांनी आला. चेहरा असा की मला आमचं लग्न ठरलं तेव्हाचा संजय आठवला.

"शैलू, तू बघायला पाहिजेस. पिंपाची दोन्ही तोंडं कापतात, आत गवत पेटवतात, म्हणजे रंग आणि तेल जळून जातं. मग उभं चिरून, ठोकून सपाट करतात. खडूनं चित्र काढतात आणि नुसत्या छिन्नीनं कापतात. मशिन नाही, प्रेस नाही. कडा बघ म्हणजे कळेल. एकेका पानाची शीर आतून ठोकून वर काढलीय. मी आयुष्यभर पत्रा बघितला, पण हे असलं नाही बघितलं यार."

"जेवायचंय का?" मी विचारलं.

"हो, हो. आणि त्या सूर्याचे डोळे..."

जेवताना सूर्याचे डोळे, झोपताना माशाचे खवले. बावीस वर्षांत या माणसानं माझ्या एका कंदिलाकडे बघून "छान झालाय" च्या पुढे एक शब्द काढला नव्हता. अठ्ठावीस कळ्यांच्या कंदिलाला मी नऊ दिवस घातले होते एकदा. तेव्हा म्हणाला होता, "याला किती वॅटचा बल्ब लागेल?" आणि आता कुठल्या कोण विल्नेरच्या माशाचे खवले! मला इतका राग आला की त्या रात्री मी त्याच्याकडे पाठ करून झोपले. त्याला ते कळलंसुद्धा नाही.

कार्यक्रम शनिवारी होता. आमचे सगळे सण शनिवारीच येतात, पंचांग काहीही म्हणो. मला टेबल मिळालं ते रेस्टरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये. "तिथे पण खूप ट्रॅफिक असतं काकू," असं पद्मजा म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. लोक येत होते, ओले हात झटकत "वा, कंदील!" म्हणत होते आणि पुढे जात होते.

तिकडे दारात झुंबड. मिरलांद पिवळा ड्रेस घालून उभी होती, उंच, पन्नाशीची, एकेका माणसाला हातात वस्तू देऊन समजावत होती. आणि तिच्या शेजारी माझा नवरा. साठी उलटलेला माणूस, नेहरू शर्ट घालून, पोरांना छिन्नी कशी धरतात ते दाखवतोय. मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात मुख्य दाराच्या आत न शिरणारा, गाडीत बसून क्रिकेट बघणारा संजय! हॉलच्या त्या टोकाकडून त्याचं हसणं मला ऐकू येत होतं. लोकांनी वस्तू उचलून बाजूला ठेवायला सुरुवात केली होती, हे माझं, हे माझं, जेवण झाल्यावर घेऊन जाते. तासाभरात अर्ध्या टेबलावरच्या वस्तू राखून ठेवल्या गेल्या. माझ्याकडून गेलेले कंदील दोन. त्यातला एक पद्मजानं घेतला होता, दया म्हणून.

तेवढ्यात हिमानी आली. हिमानी आमच्या पलीकडच्या कॉलनीत राहते, गोड मुलगी आहे. हातात लोखंडी झाड, फांद्यांवर सात-आठ पक्षी. मागे तिच्या सासूबाई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या, स्वेटरवर शाल, शालीवर कोट.

"शैलजाकाकू, तुमची नजर चांगली आहे. नवीन घरात एन्ट्रीला कसं दिसेल हे?"

मी झाड हातात घेतलं. खरं सांगते, सुंदर होतं. एक पक्षी मान वळवून मागच्या पक्ष्याकडे बघत होता, आणि एवढ्याशा पत्र्यात त्याचा हेवा दिसत होता, किंवा मला तरी दिसला. असा पक्षी मला करता आला नसता. हे कळलं आणि माझ्या आत काहीतरी सापासारखं सरळ उभं राहिलं.

"छानच आहे गं," मी म्हटलं. "फक्त आज शनिवार ना."

बस. यापुढे एक अक्षर बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती.

सासूबाईंचा चेहरा बदलला. "अगं बाई, हो की. शनिवारी लोखंड घरात आणायचं? आणि तेही नव्या वास्तूत? ठेव ते."

"आई, प्लीज हं," हिमानी म्हणाली.

"प्लीज काय? साडेसाती चालू आहे तुझ्या नवऱ्याची. ठेव म्हटलं ना."

हिमानीनं माझ्याकडे बघितलं. मी कंदिलाची झिरमिळी सरळ करत होते.

पुढचं मी टेबलामागून बघितलं. सासूबाई जेवणाच्या रांगेत लागल्या आणि रांगेतून ते पुढे सरकत गेलं, चटणीच्या वाटीसारखं एका हातातून दुसऱ्या हातात. प्रत्येक घरात या दिवसांत कुणाचे तरी आई-वडील आलेले असतात. ते पोरांच्या कानाशी लागले. पोरं म्हणजे कोण, तर कुणी रोबोट बनवणारा, कुणी हार्टचा डॉक्टर. ज्यांनी दोन-दोन टनांच्या गाड्या शनिवारीच शोरूममधून आणल्या, कारण बाकीच्या दिवशी ऑफिस असतं. त्यांनी आधी हसून डोळे फिरवले आणि मग गुपचूप जाऊन वस्तू परत ठेवल्या. "वी विल कम बॅक." "लेट मी मेझर द वॉल." वाद कोण घालणार, तेही सणाच्या दिवशी? आणि खरं कारण बाहेरच्या बाईला सांगायची प्रत्येकालाच लाज.

आणि माझे कंदील जाऊ लागले. दिवाळीचं काहीतरी घ्यायला हवंच होतं लोकांना. दोनाचे अकरा झाले, अकराचे वीस. मी पिशव्या भरत होते, हसत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला छान वाटत होतं. हक्काचं परत मिळाल्यासारखं. दारातल्या टेबलापाशी मिरलांद एकटी उभी होती. संजय तिला काहीतरी सांगत होता, ती मान हलवत होती. तेव्हासुद्धा मला छान वाटत होतं.

आवराआवरीच्या वेळी ती माझ्याकडे आली. हातात तेच झाड. इंग्लिश बोलली, पण मी मराठीतच सांगते.

"मॅडम, पद्मजा म्हणाली तुम्ही हातानं काम करणाऱ्या आहात. एक विचारू? लोक उचलतात, हसतात, आणि परत ठेवतात. माझ्या भावाचा उद्या सकाळी फोन येईल. तो विचारेल, कामात काय खोट आहे? इथे सगळे नुसतं ब्युटिफुल म्हणतात. तुम्ही खरं सांगा. तो सुधारेल. तो वाईट वाटून घेणारा नाही."

तिनं झाड माझ्या हातात दिलं आणि वहीबिही असावी तसा फोन उघडून उभी राहिली, मी सांगेन ते लिहून घ्यायला.

सांगायला काय जात होतं माझं? दोन वाक्यं. आमच्यात शनिवारी लोखंड घेत नाहीत, उद्या मी सगळ्यांना फोन करते, माझ्या घरी टेबल मांडू. पण मग ती विचारणार, हे आधी का नाही सांगितलं? पद्मजा विचारणार, ही गोष्ट काढली कुणी? हिमानी तिथेच खुर्च्या लावत होती.

"थोडं जड आहे," मी म्हटलं.

"जड," तिनं लिहून घेतलं. "भिंतीसाठी जड?"

"हो. इथल्या भिंती पोकळ असतात."

"थँक यू, मॅडम," ती म्हणाली. माझा हात तिनं दोन्ही हातांत धरला. "थँक यू. तुम्ही एकट्यांनीच सांगितलंत."

गाडीत पहिल्या सिग्नलला संजय म्हणाला, "शनिवारचं तूच बोललीस ना?"

"मी? मी कशाला बोलू?"

"हिमानी म्हणाली."

"मी नुसतं म्हटलं की आज शनिवार आहे. शनिवार होता की नव्हता?"

"ही गाडी आपण शनिवारी आणली. तू पेढे वाटले होतेस. आणि तुझ्या कंदिलाच्या आत मी जी तार वाकवतो ती कशाची असते, शैलू?"

मग मी भांडले. त्या अठ्ठावीस कळ्यांच्या कंदिलापासून सगळं काढलं. कुणाचा कोण तो, त्याच्या सूर्याचे डोळे तुला दिसतात, बायकोचे दिसत नाहीत, असंही म्हणाले. संजयनं गाडी घराच्या ड्राइव्हवेत लावली आणि इंजिन बंद केलं. "मला बोलायला हवं होतं तुझ्या कंदिलांबद्दल," तो म्हणाला. "ते माझं चुकलं. पण त्याचा त्या सहा माणसांशी काय संबंध?" आणि तो आत गेला. दुसऱ्या दिवशी तो पद्मजाकडून तीन वस्तू घेऊन आला आणि बेसमेंटमध्ये लावल्या. जडबिड काही झालं नाही भिंतीला. पण जड या शब्दाबद्दल त्याला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

शिकागोनं पुढच्या वर्षी बघू म्हटलं. कोलंबसनं ईमेलचं उत्तर दिलं नाही. पद्मजानं इकडेतिकडे खूप खटपट केली, थोडा माल एका चर्चच्या बाजारात गेला, पण तेवढ्यानं ऑर्डर येत नसतात. जानेवारीत शेड गेली. तिघं सीमा ओलांडून शेजारच्या देशात बांधकामावर गेले, दोघं कुठे गेले ते मिरलांदलाही नीट ठाऊक नव्हतं. विल्नेर विटा वाहायला लागला. हे मला पद्मजा हळदीकुंकवाला सांगत होती आणि मी तिळगूळ चघळत "अरेरे" म्हणत होते. अरेरे! माझ्या तोंडाला काही लाजबिज असेल तर तेव्हा नव्हती.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात पद्मजा, आणि तिच्यामागे मिरलांद, ड्यूटीवरून थेट आलेली, निळ्या कपड्यांत. तिनं दारातच बूट काढले. कुणाकडे काढतात, कुणाकडे नाही, हे तिला एव्हाना कळलं होतं. छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी चहा टाकायला वळले, तर म्हणाली, "आधी हे बघा, मॅडम. तुमच्यासाठी आहे."

टॉवेल सोडला. झाड होतं. तसंच झाड, तसेच पक्षी, पण आता ते लोखंड वाटत नव्हतं. खोडातून, फांद्यांतून, एकेका पानातून, पक्ष्यांच्या पोटातूनसुद्धा इतकं कोरून काढलेलं की पत्रा कमी आणि पलीकडचा उजेड जास्त. टेबलावर त्याची सावली पडली ती लेसच्या रुमालाची पडावी तशी.

संजयनं ते तळहातावर घेतलं. कडांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "छिन्नीनं? एवढ्या बारीक जागा राखायच्या म्हणजे एक ठोका जास्त पडला की सगळंच तुटतं. किती तुटले असतील याच्या आधी, कुणास ठाऊक."

"नऊ," मिरलांद म्हणाली. "विटांच्या कामावरून आला की रोज थोडं करायचा. दोन बोटं फाटली. मी म्हटलं, नको रे आता. तो म्हणाला, सगळ्यांनी छान म्हटलं आणि परत ठेवलं, एका बाईनं माझ्या कामाचा दोष सांगितला. त्या बाईला दाखव. ती म्हणाली की आता बरोबर आहे, तर मी बाकीच्यांना बोलावून घेतो. या पद्धतीनं पुन्हा सुरू करू." ती माझ्याकडे वळली. "तो फोनपाशी बसलाय, मॅडम. आता जड नाही ना?"

"जड?" संजय म्हणाला. "जड कोण म्हणालं?"

"मॅडम म्हणाल्या होत्या."

संजयनं माझ्याकडे बघितलं नाही. त्यानं झाड अगदी सांभाळून टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसला. पद्मजा माझ्याकडे बघत होती, तिला अजून काही कळलं नव्हतं. आणि इतकं सगळं समोर असताना माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? हेच, की मला हे कधीच जमलं नसतं. फाटक्या बोटांच्या त्या माणसाचा तेव्हासुद्धा हेवा वाटला मला. मग तो ओसरला, आणि खाली जे होतं ते दिसलं.

"पहिलंही जड नव्हतं," मी म्हटलं.

मिरलांद हसली, मी कौतुकानं काही म्हणतेय असं वाटून. मग माझा चेहरा बघून थांबली.

"मग काय होतं, मॅडम?"

शनिवार होता, असं अजूनही सांगता आलं असतं. ती समजूनही घेणाऱ्यातली होती.

"मी होते," मी म्हटलं.